पुण्याचं भाडं आणि मचाणावरचा डबा

पुण्यातल्या घरभाड्याचे ताजे दर गोंडपिपरी तालुक्यातल्या एका धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, जाहीर होत. बांधीत मचाण होतं, मचाणावर गुणवंतराव होते आणि गुणवंतरावांपाशी तेलाचा रिकामा डबा होता. रानडुक्कर दिसलं की ते काठीनं डबा बडवत. भाडं वाढलं तरी बडवत. फरक एवढाच, की भाड्याला टोले जास्त पडत.

झालं होतं असं, की त्यांची अर्धी जमीन खाणीत गेली आणि आलेल्या मोबदल्यातून त्यांनी पुण्यात, न बघता, एक फ्लॅट घेतला. सगळा व्यवहार फ्लॅट विकून ते भाड्यानंही देणाऱ्या एका कंपनीच्या स्वप्निलनं फोनवर उरकला. गावात रेंज फक्त मचाणावर यायची, म्हणून गुंतवणूकदाराचं मुख्य कार्यालयही तिथंच थाटलं गेलं.

"काका, भाडेकरूचं नाव विचारायचं नाही, आम्ही सांगणार नाही," स्वप्निलनं समजावलं. "आणि नातेवाइकांना फ्लॅटचा पत्ता लागू द्यायचा नाही. ते फुकट राहतात. परतावा कोसळतो."

गुणवंतरावांना हे इतकं पटलं, की पुण्यातच नोकरीला असलेल्या मुलाला, प्रणितलाही, त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही.

पहिली भाडेवाढ झाली. डबा वाजला. पाचच मिनिटांत प्रणितचा फोन.

"बाबा, मालकानं भाडं वाढवलं. मले परवडत नाई आता."

"माणूस हाय का राक्षस तो? नाव काय त्याचं?"

"कंपनी सांगत नाई."

"मुडदा बशिवला त्याचा!"

शिव्या मनापासून देऊन झाल्यावर गुणवंतरावांनी वाढीव रक्कम मुलाला पाठवली. ती मुलानं कंपनीला दिली, कंपनीनं आपला वाटा कापून गुणवंतरावांना पाठवली, आणि ती जमा झाल्याचं पाहून गुणवंतरावांनी पुन्हा डबा वाजवला.

असं तीनदा झालं. मग कंपनीचा अहवाल आला: 'भाडेकरू तक्रार करतो, पण भरतो. त्यास कुठून तरी भक्कम आधार असल्याचे दिसते. आणखी वाढीस वाव आहे.' सोबत फ्लॅटचा पाहणी-फोटो होता.

गुणवंतरावांची बायको रुखमाबाई जेवण घेऊन मचाणावर चढल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि जेवणाचा डबा खाली ठेवायला विसरल्या.

"हे गॅलरीत वाळून राह्यली थे माही वाकळ होय. माह्या हिरव्या लुगड्याची. प्रणितले देल्ली होती."

गुणवंतरावांनी फोटो मोठा केला. लुगडं त्यांनीच आणलेलं होतं.

"पोराचं भाडं तुमीच वाढवून राह्यले काजी?"

"मी नाई. मार्केट वाढवून राह्यलं."

"मंग डबा कोन वाजवते? मार्केट?"

गुणवंतरावांनी तडक स्वप्निलला फोन लावला. "भाडं कमी कर. पोरगा हाय माहा!"

"अभिनंदन काका! पण कलम एकोणीस. नातेवाईक भाडेकरू निघाल्यास दंड. भाडं कमी केल्यास वेगळा दंड. चिंता नको, मी त्यांना घर खाली करायची नोटीस पाठवतो. नवा भाडेकरू दारात उभाच आहे."

नोटीस बाकी फार तत्पर निघाली. दहा मिनिटांत प्रणित लाइनवर.

"बाबा, पंधरा दिवसांत घर खाली करा म्हणते. आता कुठी जाऊ मी?"

रुखमाबाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. गुणवंतरावांनी सगळं कबूल करायला तोंड उघडलं. घसा खाकरला. "बाबू, तो मालक..."

तेवढ्यात फोनवर कंपनीचा मेसेज किणकिणला. नव्या भाडेकरूचं भाडं: जुन्याच्या सव्वापट.

काठी कधी हातात आली, त्यांनाही कळलं नाही. डबा दणाणला. एक, दोन, तीन, सात टोले.

"बाबा, डुक्कर आलं का बांधीत?"

गुणवंतरावांनी काठीकडे पाहिलं, रुखमाबाईंकडे पाहिलं.

"बांधीत नाई, बाबू," ते हळूच म्हणाले. "मचाणावरच चढलं."

यंदा तुमचंही घरभाडं वाढलं असेल, तर मालकाला शिव्या घालण्याआधी घरी एक फोन करा. वडिलांच्या मागे डबा वाजताना ऐकू येतो का, तेवढं बघा. आणि तुम्हीच कुणाचे वडील असाल, तर हातातली काठी आधी खाली ठेवा.