शेठसरांची भवानी

दिवाळीनंतर शाळा उघडली की आमचे शेठसर वर्गावर येत नाहीत, दुकान थाटतात. व्हरांड्यात सतरंजी अंथरायची, मधोमध मांडी ठोकून बसायचं आणि या सत्रात काय काय शिकायचं ते एकेक करून, कापडाचा तागा उलगडावा तसं, पोरांपुढं टाकायचं.

"हा बघा बटाट्याचा ठसा! रंग जायाची ग्यारंटी न्हाई, आईच्या साडीवर उमटला तर मार तुमचा, नाव माझं! ही सुई, हा दोरा. बटण लावायचं. पोरांनीबी लावायचं, बटणाला काय कळतंय कोण लावतंय! ही हलगी. आन् ही..." इथं ते मुद्दाम थांबतात. पोरं गुडघ्यांवर उभी. "ही लेझीम! घेऊ नका, नुसतं बघा. बघायला पैसं न्हाई पडत!"

त्यानंतर जो गलका उठतो त्यात माझा तिसरीचा गणिताचा तास वाहून जातो. मी दारात उभी राहून डोळे वटारते, पण खरं सांगायचं तर मलाही ते सतरंजीवरचं सगळं हवंसं वाटतं. तेरा सत्ते एक्क्याण्णव असं कुणी कधी उलगडून दाखवलंय का मला?

सरकारी भाषेत शेठसर म्हणजे 'अंशकालीन निदेशक'. कला, क्रीडा, कार्यानुभव हे तिन्ही विषय एकट्याच्या गळ्यात. ते नवीन आले तेव्हा कुणीतरी टीव्हीवरच्या हिंदीच्या सवयीनं 'निदेशक'चं 'निर्देशक' वाचलं आणि निरगुडसरपासून पारगावपर्यंत बातमी गेली की शाळेत पिक्चरवाला आलाय. दुसऱ्या दिवशी आया आपापल्या पोरींना पावडर थापून घेऊन हजर. शेठसरांनी कुणाला नाराज केलं नाही. आयांनासुद्धा बटण लावायला बसवलं.

शेठ हे नाव घराण्यामुळं. आजोबा राजस्थानातून मंचरला आले, कापडाचं दुकान टाकलं. आता ते थोरला भाऊ बघतो. आमचे शेठसर पन्नाशीला आले तरी एकटे. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "माल बघतोय अजून." दुकानात ते बसत नाहीत, पण दुकान त्यांच्या जिभेवरून उतरत नाही. पोरगं शाळेत आलं नाही तर 'गिऱ्हाईक फिरकलं न्हाई'. चित्र बिघडलं तर 'सेलमधी लावू'. आणि सगळ्यांत मोठा शब्द म्हणजे भवानी, सकाळची पहिली विक्री.

प्रत्येक सत्राला शेठसर शाळेतलं सगळ्यांत मुकं पोर हेरतात. ते पोर स्वतःहून पुढं येऊन तोंडानं काहीतरी मागून घेत नाही तोवर भवानी झाली नाही, आणि भवानी झाल्याशिवाय लेझमीचं कपाट उघडत नाही. पोरांना हा नियम पाठ आहे. ती त्या मुक्या पोराच्या अशी मागं लागतात की त्याला बोलल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यंदाची भवानी होती काजल. साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या टोळीतली. मळ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. आईबाप फडात, ही आमच्या तिसरीत शेवटच्या ओळीत. हजेरीला हात वर करायची, तोही अर्धा. आवाज मी ऐकलाच नव्हता.

आता आमच्याकडं मुकं असणं बाहेरच्यांना वाटतं तसं साधं नाही. उसात बिबट्या आहे. उसाच्या कडेनं चालायचं तर घोळक्यानं आणि मोठ्यानं बोलत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. शेठसरांनी तर त्याचा विषयच करून टाकला होता: आरोळी. बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "होऽऽ! आमी चाललोऽऽ!" हेडसरांनी विचारलं, हे कशात बसतं? शेठसर म्हणाले, "कार्यानुभवात. जित्तं घरी जाण्यापरीस मोठा कार्यानुभव कंचा, सर?"

सगळी शाळा ओरडायला शिकली. कौलांवरची कबुतरं गाव सोडून गेली. काजल तेवढी तोंड मिटून.

पोरांनी तिला बोरं दिली, चिंचा दिल्या, एकानं आपला नवा शार्पनर दिला. तिनं शार्पनर परत दिला, बोरं खाल्ली, आणि गप्प. इकडं स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं, लेझीम कपाटात. माझं डोकं फिरलं. "अहो शेठसर, एका पोरीपायी सगळ्यांना किती दिवस ताटकळत ठेवणार?"

"बाई, भवानीच्या आधी उधारी मागू नये," ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवत बसले.

त्या रविवारी मी मंचरला साडी घ्यायला गेले. गेले ती त्यांच्याच दुकानात. मनात राग होताच, तो थोरल्या भावापुढं ओतला. भाऊ हसले, मग हसता हसता थांबले.

"भवानीचं वेड आहे त्याला. लहानपणी एकदा तो सकाळचा गल्ल्यापाशी बसला, तर दिवसभर दुकानात चिटपाखरू आलं न्हाई. वडलांनी मनात धरलं, याच्या हाताला यश न्हाई. मग रोज दुकान उघडताना त्याला बाहेर काढायचे. समोर रसवंतीपाशी उभा राहायचा. पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं की मग, ये आत. वडील गेले तरी त्याचं तेच. आजबी सणाला आला तर आधी इचारतो, झाली का भवानी? मगच पायरी चढतो."

मी साडी न बघताच पिशवीत टाकली. फार वाईट वाटलं. एवढा गलका करणारा माणूस, आणि सगळं बालपण रस्त्याच्या पलीकडं उभा.

सोमवारी शाळेत आले तर शेठसरांचा आवाज बसलेला. नुसता वारा बाहेर पडत होता. पोरांनीच खुलासा केला. सर रोज शाळा सुटली की स्कूटर गावात लावून टोळीच्या पोरांना कोप्यांपर्यंत पोचवतात, आणि "काजल वरडत न्हाई म्हून तिच्या वाटंचं सरच वरडत्यात." वर गातात. शेठसरांचं गाणं मी ऐकलंय. बिबट्या अजून का आला नव्हता ते मला कळलं.

बसलेल्या आवाजाचा माणूस त्या वाटेनं कसा जाऊ द्यायचा? संध्याकाळी मीही निघाले. पुढं टोळीची चार-पाच पोरं, मध्ये काजल, मागं आम्ही दोघं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. पोरं ओरडत होती, मीही ओरडत होते. तिसरीच्या बाई म्हणून जो आवाज कमावलाय तो अखेर कामी आला.

वळणावर ऊस खसफसला.

कुत्रं असेल, डुक्कर असेल. अजूनही माहीत नाही. पण सगळ्यांचे आवाज एकदम आत गेले, माझासुद्धा. शेठसर झटकन पुढं झाले, पोरांना पाठीशी घेतलं आणि तोंड उघडलं. आवाजच आला नाही. नुसतेच हात हलवत उभे राहिले.

आणि त्यांच्या कमरेजवळून आवाज फुटला.

"होऽऽ! सरच्या अंगाव येऊ नगंऽऽ! आमी चाललोऽऽ!"

एवढ्याशा पोटात एवढा आवाज मावतो! ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, डोळे गच्च मिटून, मुठी आवळून. ऊस एकदा हलला आणि काहीतरी आतल्या आत दूर निघून गेलं. पोरांना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळी नाचायला लागली. "भवानी झाली! भवानी! सर, लेझीम!"

मीही नाचले. वयाचं भान राहिलं नाही.

शेठसर मात्र नाचले नाहीत. दुकानदार भवानीचे पैसे आधी कपाळाला लावतो, मग गल्ल्यात टाकतो. इथं कपाळाला लावायला काहीच नव्हतं. त्यांनी काजलचे दोन्ही मळके हात धरले, कपाळाला लावले आणि तसेच उकिडवे बसून राहिले. खांदे गदगदत होते.

काजल घाबरली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बाई, सर का रडायल्यात? माजं काय चुकलं का?"

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "सरांच्या हाताला यश आलंय."

तिला ते काही समजलं नाही. "मंग पुन्यांदा वरडू?"

शेठसरांनी मान हलवली, वर, खाली, कितीतरी वेळा. आणि कोप्या येईपर्यंत ती पोरगी एकटी ओरडत राहिली.