चाकावाल्यानं उतरायचं असतं

सायकलच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही! पुण्यात सिंहगडाचा चढ मी गाणं गुणगुणत चढतो. वाटेत कोणी चालणारा आडवा आलाच, तर घंटी वाजवून "काका, डावीकडून!" असं नम्रपणे सुनावतो. नियम म्हणजे नियम! म्हणून हर्षाच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायला जायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, "गडचिरोलीपर्यंत बसनं, आणि तिथून तुझ्या गावापर्यंत सायकलनं!"

हर्षा आणि मी एकाच ऑफिसात. लग्नाला माझ्या घरचे तयार होते. अडून बसले होते ते तिचे बाबा, वामनराव. "पुण्याचा पोट्टा. त्याले माणसं लागत नाई," एवढंच त्यांचं म्हणणं. आणि बाबा हो म्हणाल्याशिवाय हर्षा काही पुढे सरकणार नव्हती. ती आधीच गावी पोचली होती. तिथून फोन आला.

"बाबांनी चारला बोलावलंय. आणि राजदीप, शेवटचा रस्ता जंगलातून आहे. एकटा येऊ नको."

"एकटा कुठे? सायकल आहे ना!" मी ऐटीत म्हणालो.

वैनगंगेचा पूल झपाट्यात ओलांडला. सावली गावाच्या अलीकडे आत वळलो. दोन्ही बाजूंना साग, मध्ये कच्ची वाट, आणि वाटेच्या बरोब्बर मधोमध डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी.

ट्रिंग ट्रिंग! "आजी, साइड! डावीकडून चाला!"

ती बाजूला झाली. मी पुढे निघालो, तशी मागून ओरडली, "ओ बाबू! उतर ना! मले इथी एकटी सोडून चालला का?"

मला वाटलं, लिफ्ट मागतेय. मोळीसकट! माझ्या सायकलला तर कॅरिअरही नाही. "सॉरी आजी, घाई आहे!" म्हणून मी सटकलो.

पुढच्या वळणावर झुडपात काहीतरी खसफसलं. मी ब्रेक मारला. झुडूप पुन्हा हललं, आता जरा जास्तच. मी घाबरलो असं मुळीच म्हणणार नाही. मला फक्त एकाएकी त्या आजींची फार काळजी वाटायला लागली! सिंहगडावर कधी मारलं नसेल असं पायडल मारत मी मागे आलो.

"आजी, चला, सोबत जाऊ!"

"काऊन? आता साइड नाई पायजे?"

मी खाली उतरलो. तिनं मोळी उतरवून सरळ माझ्या सीटवर आडवी ठेवली. "या रानात वाघ हाये, बाबू. चाकावाला मांगून आला का तो उतरते, अन् गाव येतवरी पैदलवाल्यासंग चालते. एकटं कोणाले सोडत नाई आमी. तुमच्या इथी काय करते?"

"आमच्याकडे घंटी वाजवतात."

"घंटी बरी हाये. वाघाले समजते माणसं हायेत म्हणून." आणि बुधरीबाईनं, हे तिचं नाव, पुढचा सगळा रस्ता माझी घंटी वाजवली!

वळणावर झुडपातून माझा वाघ बाहेर आला. ती शेळी होती! तिच्यामागून बिरजू नावाचा तिचा मालक आला, काखेत करडू घेऊन. करडू माझ्या हँडलवर बसलं. पुढे धान कापून परतणाऱ्या बाया भेटल्या.

"कुठी चालले जी पाहुणे?"

मी तोंड उघडायच्या आत, वाटेत माझ्याकडून सगळं काढून घेतलेली बुधरीबाई म्हणाली, "वामनभाऊच्या इथी! हर्षाले पाहाले आला!"

"बाप्पा! मंग आमीबी येतो!"

त्या सगळ्यांच्या गावचा फाटा आला तेव्हा मी हळूच म्हटलं, "आता तुम्ही घरी जा, मी जातो पुढे."

"अन् तुले एकटा सोडू?" बुधरीबाई डाफरली. "तू बी पैदलच हायेस ना!"

चार केव्हाच वाजून गेले होते. फोनला रेंज नाही. वामनराव आता कशाला हो म्हणतात? बुधरीबाईला माझं तोंड दिसलं असावं. तिनं घंटीवरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला. "भेऊ नोको. हर्षा लहानपणी माह्याच मांगं मांगं फिरे रानात. मी सांगतो वामनले." मला तेव्हा खरंच बरं वाटलं.

दिवस मावळला, तशी समोरून बॅटरी चमकली. हातात काठी घेऊन वामनराव येत होते, मागे रडवेली हर्षा. "या जंगलात एकटा येते म्हणजे डोस्कं हाये का..." असं ओरडत ते पुढे आले आणि थांबले. समोर मी, मोळी, करडू, शेळी आणि विळे घेतलेल्या बाया!

"जय भीम," मी कसाबसा म्हणालो.

"जय भीम. चहाले बोलावलं होतं, तू तं वरात घेऊन आला!" त्यांनी सायकलकडे बॅटरी मारली. "बिघडली का?"

"नाही."

"मंग बसून काऊन नाई आला?"

"मी पैदल होती ना, वामन," बुधरीबाई म्हणाली.

वामनरावांनी माझ्या हातातली सायकल घेतली आणि स्वतः ढकलत निघाले. घरी हर्षाच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, पोह्यांची कढई बघितली, वरात बघितली आणि मुकाट्यानं भाताचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चुलीवर चढवला.

सगळे जेवले. सगळ्यांना टॉर्चच्या उजेडात पोचवायला वामनरावांसोबत मीही गेलो. परत आल्यावर हर्षानं मला अंगणात गाठलं. डोळे ओले, पण हसत होती.

"बाबा हो म्हणाले!"

"खरंच? काय म्हणाले नेमकं?"

"म्हणाले, पोट्टा चांगला हाये. माणसाले सोडत नाई." ती जरा थांबली. "अन् बिचाऱ्याले सायकल येत नाई वाटते, पण सांगाले लाजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव मला गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. मागून सीट घट्ट धरली आणि माझ्यासोबत पळत म्हणाले, "भेऊ नोको बेटा, मी हाये."

सिंहगडाचं काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी शिकलो!