अजून बोटभर!

नथ्थूभाऊ पागोटं खुंटीवर ठेवायचे ते चौरंगावर चढून. खुंटी त्यांनी स्वतःच ठोकून घेतली होती, स्वतःच्याच घरात.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला आणि अकोल्यात ज्याला त्याला बंगल्याचे डोहाळे लागले. एकानं तर साहेबासारखी शेकोटी बांधून घेतली. अकोल्याच्या उन्हात! माझे शेजारी नथ्थूभाऊ मागे कसे राहतील? पांढऱ्या मातीचं जुनं घर त्यांनी सारवून तसंच ठेवलं आणि त्याला विटांचा बंगला चिकटवला. जुनं दार कमरेत वाकवणारं. नवं, उंट जाईल एवढं. झोपाळाही असा, की बसले की बुटक्या नथ्थूभाऊंचे पाय लोंबत.

चौकट बसवताना त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, जरा उभे राहा इथं." मी चांगला उंच. माझ्या डोक्याकडे पाहून ते सुताराला म्हणाले, "अजून बोटभर!"

"भाऊ, हत्ती पाळून राहिले का?"

"तू रंधा मार, लेका!"

विद्येचा मान म्हणून मला उभं केलं, अशी माझी समजूत.

मग पोळा आला. मिरवणुकीत नथ्थूभाऊंनी आपली बैलजोडी अडवून धरली, पुढे एका जोडीची जागा मोकळी सोडून. लोक ओरडले, हसले. शेवटी मिरवणूक त्यांना वळसा घालून गेली.

संध्याकाळी ते नव्या दारासमोर, पातूरच्या रस्त्याकडे पाहत उभे होते.

"कोणाची वाट पाहता?"

"दादाची. पोळ्याच्या तोरणाखाली कोनाची जोडी पयली, यावरून आमी भांडलो. थो रागानं घरातून निघाला अन् जुन्या दारावर डोकं आपटलं. मले हसू आलं, मास्तर. 'या घरात मान वाकवून पुन्हा येनार नाई,' म्हने. पातूरले गेला." त्यांनी बंगल्याकडे बोट केलं. "आता वाकाचं काम नाई त्याले. खुंटीबी त्याचीच, झोपाळाबी. निरोप तं धाडला हाये."

रस्त्यावर घरी परतणारे बैल होते, त्यांचा दादा नव्हता.

"तुमच्याहून बोटभर उंच हाये थो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, चौकटीत उभे राहता का थोडे?"

मी उभा राहिलो आणि टाचा उचलल्या.