ऑल्दो आणि इस्त्री

जावक कारकुनाने सकाळी सकाळी घरात एक छोटासा नियम केला आणि तिथेच माशी शिंकली.

त्या दिवशी हेडक्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती. नवे साहेब इंग्रजीतून प्रश्न विचारतात आणि उभयान्वयी अव्यय चुकलं की उमेदवाराला तिथूनच नारळ देतात, अशी ऑफिसात कुजबुज होती. (नुसतं 'उभयान्वयी अव्यय' म्हणायला सांगितलं असतं तरी निम्मे गळाले असते.) म्हणून फर्मान निघालं : आज प्रत्येक वाक्यात बिकॉज, ऑल्दो किंवा अनलेस हवंच. नाहीतर उत्तर मिळणार नाही!

"आणि ऑल्दो आला की बट घालायचं नाही," इस्त्री फिरवत त्याने बायकोला बजावलं. "अर्धं जग तिथेच आपटतं!"

"अनलेस यू कम, टी विल बी कोल्ड," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

कारकून असा हरखला की टाळी वाजवायला त्याने इस्त्री खाली ठेवली. खाली म्हणजे मुलाखतीच्या पँटवर. आणि तसाच चहाला गेला.

"अहो, पँट!" थोड्या वेळाने बायको ओरडली.

"वाक्य पूर्ण कर."

"अहो, जळतेय!"

"बिकॉज?"

बायकोने कपाळावर हात मारला. "ऑल्दो यू आर अ क्लेव्हर मॅन, युअर पँट इज बर्निंग!"

"शाब्बास! बट गाळलंस!" कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने, असं त्याला वाटलं. मग धूर दिसला.

दुसरी बरी पँट धोब्याकडे होती. मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांची मिळाली, पण सासऱ्यांचा घेर तालेवार आणि घरातला एकुलता एक पट्टा त्यांच्याच कमरेला. कारकून एका हाताने कंबर सावरत साहेबांपुढे उभा राहिला.

"व्हाय आर यू होल्डिंग युअर ट्राउझर्स?" साहेबांनी विचारलं.

"बिकॉज आय रिस्पेक्ट यू, सर! अनलेस आय होल्ड देम, दे विल फॉल, ऑल्दो माय फादर-इन-लॉ इज अ गुड मॅन!"

साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि जागा त्यालाच दिली.

कारकून एका हाताने कंबर धरून घरापर्यंत पळतच आला. "अगं, उघड! हेडक्लार्क! मी!"

"वाक्य पूर्ण करा," आतून बायको म्हणाली. "नियम तुमचाच."

त्याला एक अव्यय आठवेल तर शपथ! "आय... हेडक्लार्क... डोअर!"

"बिकॉज?"

आनंदाच्या भरात हेडक्लार्कसाहेबांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. दोन्ही हात दारावर आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, तोवर समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं होतं.