मगानं फिरवलेला समुद्र

नागभीडच्या आसपास शेताला पाणी देणारी अशी एकही मोटर नव्हती, जी नूर मोहम्मदच्या दुकानात एकदा तरी उघडी पडली नव्हती. जळालेल्या, बुडालेल्या, उंदरांनी तारा खाल्लेल्या, सगळ्या त्यानं परत फिरवल्या होत्या. म्हणून घरातल्या मासळीच्या टाकीचा फिल्टर बंद पडल्यावर मुंबईहून अल्ताफनं फोनवर विचारलं, "अब्बा, आता काय करणार?" तेव्हा तो म्हणाला, "तू मले पाणी फिरवाले शिकवून राह्यला का?"

टाकी त्याच्या बायकोची, मलिकाची होती. आईनं जन्मात समुद्र पाहिला नाही, म्हणून मासोळ्यांच्या दुकानात कामाला असलेल्या अल्ताफनं समुद्रच घरी पाठवला होता. काचेची टाकी, खास मिठाच्या थैल्या, थोडे दगड आणि पांढऱ्या पट्ट्यांची एक नारिंगी मासळी. मलिका रोज दुपारी तिला दाणा घालायची आणि काचेला तोंड लावून काहीतरी पुटपुटायची. काय बोलते, ते नूर मोहम्मदनं कधी विचारलं नाही. विचारायला वेळ आहे असं त्याला वाटत होतं. उन्हाळ्यात मलिका गेली. आता तिचं मनातलं बोलणं ऐकलेलं घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे ही मासळी. ती मेली तर मलिका दुसऱ्यांदा जाणार होती.

अल्ताफनं दोन रस्ते सांगितले. एक तर बाजारातलं नवं मशीन. नाहीतर शेजारी दुसरी टाकी ठेवायची, तिच्यात समुद्रातलं शेवाळ वाढवायचं आणि दोन्ही टाक्यांचं पाणी एकमेकींत फिरवत राहायचं. मासळीची घाण शेवाळ खातं.

"गवत घाण खाते?" नूर मोहम्मद म्हणाला. "अन् मी काय झक मारून राह्यलो इथी?"

त्यानं तिसरा रस्ता काढला. पावसाळ्यामुळे कूलर माळ्यावर गेलाच होता. त्याचा पंप त्यानं काढला, जाळीतला लाकडाचा भुसा एका डब्यात दाबून भरला आणि सगळं टाकीला जोडलं. वर आपल्या हातानं थोडी ताकदही वाढवली. नेमके तेव्हा गुणवंतराव भेटायला आले. धानाचे शेतकरी, नूर मोहम्मदचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. मलिकाचा चाळिसावा दिवस होऊन गेला तरी ते रोज येऊन बसून जात.

नूर मोहम्मदनं बटन दाबलं. डब्याचं झाकण उडून छताला लागलं. मागून समुद्र उठला आणि थेट गुणवंतरावांच्या धुवट सदऱ्यावर येऊन बसला. भुसा त्यांच्या मिशीत अडकला. मासळी दगडाच्या फटीत अशी घुसली, जशी वसुलीवाला आला की माणूस न्हाणीघरात घुसतो.

गुणवंतरावांनी ओठ चाटले. "खारट आहे," ते शांतपणे म्हणाले. "आता मले मुंबई पाहाचं काम नाई."

झक मारत शेवाळाचा रस्ता धरावा लागला. अल्ताफनं पाण्याच्या पिशवीत बांधून शेवाळ पाठवलं. दुसरी टाकी स्टुलावर बसली, छोटा पंप लागला, शेवाळ वाढलं आणि पाणी खरंच काचेसारखं झालं. मासळी बाहेर आली. नूर मोहम्मद कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

आणि मग लोडशेडिंग वाढलं.

दिवसाचा मोठा भाग लाइट नसायची. पंप मुका, पाणी थांबलेलं. नूर मोहम्मदनं मग न्हाणीतला प्लास्टिकचा मग घेतला आणि खालच्या टाकीतलं पाणी वरच्यात, वरच्यातलं खालच्यात असं ओतायला सुरुवात केली. हात दुखायला लागला की भेटायला आलेल्या माणसाच्या हातात मग द्यायचा. लोक आधी गांगरायचे. मग त्यांना बरं वाटायला लागलं. दुखवट्याच्या घरात काय बोलावं ते कोणालाच कळत नाही, पाण्याचा मग मात्र सगळ्यांनाच धरता येतो. मशिदीतले मौलवीसाहेबसुद्धा बाह्या सारून ओतून गेले.

पण पावसानं भेटणारे कमी झाले. जो तो धानाच्या रोवणीला लागला. शेवटी इन्व्हर्टर आणायला नूर मोहम्मद चंद्रपूरला निघाला. मासळी कोणाच्या भरवशावर ठेवायची? गुणवंतरावांच्या पत्नी रुखमाबाई मलिकाच्या मैत्रीण. त्या म्हणाल्या, "तुमी जा नूरभाऊ. मी बसतो इथी. मलिकाचं घर ते माहं घर."

"लाइट गेली का मगानं पाणी फिरवा. बाकी काई करू नोका."

"मले काय पाणी सांगता? जलम धानाच्या बांधीत गेला माहा."

हे वाक्य नूर मोहम्मदनं नीट ऐकायला हवं होतं. तो स्वतःही असंच बोलून कूलरचा पंप जोडायला बसला होता.

संध्याकाळी तो इन्व्हर्टर छातीशी धरून घरात शिरला. रुखमाबाई ओल्या हातांनी, प्रसन्न चेहऱ्यानं उभ्या होत्या. गुणवंतराव मगानं पाणी ओतत होते. स्टुलावरच्या टाकीत शेवाळाचा एक तंतूही नव्हता. तिथे एका ओळीत, सारख्या अंतरावर, धानाची रोपं उभी होती.

"हे काय आहे?"

"किती कचरा माजला होता, भाऊ! मलिका गेल्यापासून कोनं निंदलंच नाई. सारा उपटला, टाकी घासली, बोरिंगचं गोड पानी भरलं. मंग रिकामी बांधी पाहून जिवाले बरं नाई वाटलं. पदरात परे होते, रोवून देल्ले."

नूर मोहम्मदनं खाली वाकून पाहिलं. मासळी तळाशी आडवी पडली होती.

"कचरा कुठी आहे?"

"बकरीले टाकला. तिनं तोंड नाई लावलं. मंग उकिरड्यावर."

नूर मोहम्मद आणि गुणवंतराव, दोन पिकलेले म्हातारे, पावसात उकिरड्यावर बसून शेवाळ वेचू लागले. कोंबड्या बाजूला सरून पाहत होत्या. सापडलं तेवढं त्यांनी खारट पाण्यात धुतलं, रोपं उपटली, शेवाळ परत टाकलं, टाकीत मीठ वाढवलं. इन्व्हर्टरला आधी लाइट लागते चार्ज व्हायला, आणि लाइट नव्हती. पुन्हा हातात मग.

मासळी हलत नव्हती. नूर मोहम्मदचे हात थांबले. तो टाकीपुढे फरशीवर बसला.

"गेली," तो म्हणाला. "मलिकाचा जीव होता तिच्यात. रोज तिच्याशी बोलत होती. काय बोलत होती, ते आता कोनाले विचारू?"

रुखमाबाई पदरानं हात पुसत होत्या. त्या थांबल्या.

"मले विचारा ना."

"तुमाले माहीत आहे?"

"मी रोज बाजूलेच तं राहो बसून." त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहायला लागले. "मलिका तिले म्हने, मर ना बाई एकदाची."

"काय?"

"मीठ मोजता मोजता कंबर मोडली, म्हने. तू मेली का मी सुटलो, म्हने."

"मंग सांभाळत काऊन होती?"

"तुमच्यासाठी. बुढ्याचा लई जीव आहे मासळीवर, म्हने. येनाऱ्या-जानाऱ्याले दाखवते. मेली तं जेवनार नाई."

नूर मोहम्मदनं उभ्या आयुष्यात त्या मासळीला जीव लावला नव्हता. मलिकाला आवडते म्हणून तो लोकांना दाखवायचा. तो टाकीकडे पाहत राहिला. तेवढ्यात मासळीनं शेपटी हलवली, सरळ झाली आणि त्याच्याकडे पाठ करून दगडापाशी गेली.

फोन वाजला. अल्ताफ होता. सगळं ऐकून तो खूश झाला. "वाचली? मग काळजी नको, अब्बा. ह्या मासोळ्या नीट ठेवल्या तर वीस-वीस वर्षं जगतात."

नूर मोहम्मदनं फोन ठेवला आणि पाण्याचा मग उचलला.

तेव्हापासून तो रोज दुपारी दाणा घालतो, काचेला तोंड लावतो आणि म्हणतो, "मर ना बाई एकदाची." ओठ तेवढे हलताना दिसतात. रस्त्यानं जाणारे खिडकीतून पाहतात आणि म्हणतात, बुढ्याचा लई जीव आहे मासळीवर.