अंगठ्याची संमती

आजीच्या डाव्या पायाच्या अंगठ्याने संमती दिली नाही, म्हणून तिचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढून गाठ आली होती आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. चप्पल टोचायचीच, पण आजीचं दुःख वेगळं होतं. फुगडीत समोरचीच्या पावलांना पावलं भिडवावी लागतात आणि तिची नीट भिडत नव्हती. श्रावणात माझ्या ताईची पहिली मंगळागौर होती. तिथे आजीला नणंदेबरोबर, म्हणजे बाबांच्या अंबूआत्याबरोबर, फुगडी घालायचीच होती. वहिनी फुगडीला घाबरते, असं अंबूआत्या कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

या वयात कशाला, असं बाबांनी विचारलं. डॉक्टर वर्तक म्हणाले, वयाची अडचण नाही, हाडं चांगली आहेत; पण इतकी वर्षं वाकलेल्या अंगठ्याला न विचारता सरळ करता येत नाही. त्यांनी अंगठ्याला विचारलं. मी नेहमीसारखी मान खाली घालून कॉटच्या पायथ्याशी बसले होते, म्हणून त्याचं उत्तर आधी मलाच ऐकू आलं.

"शेजारच्या बोटाला लग्नापासून जोडवं आहे," अंगठा म्हणाला. "भार मात्र मी उचलतो. चांदीकडे सरकलो तर माझं काय चुकलं?"

म्हणणं रास्त आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगठ्याची अट एकच होती: अनवट, म्हणजे अंगठ्यात घालायचं चांदीचं वळं. पणजीकडे अनवटांची जोडी होती, पण ती तिने सुनेला न देता लेकीला दिली होती.

सगळ्यांनी कॉटशेजारी उभ्या असलेल्या अंबूआत्याकडे पाहिलं.

"आईची आठवण आहे ती," अंबूआत्या म्हणाली. "आणि हा अंगठा बोलतोय की वहिनी, कुणी सांगावं?"

"मी बोलले असते तर जोडी मागितली असती," आजी म्हणाली.

चारचौघांत मी बोलत नाही.

"आत्या, ऑपरेशन एकाच पायाचं आहे," मी म्हणाले. "एक तुझ्याकडेच राहील."

अंबूआत्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग आजीला म्हणाली, "फुगडीत मला पाडलंस तर परत घेईन हो."

अंगठ्याने संमती दिली. डॉक्टरांनी हाड कापून सरळ केलं, बारीक स्क्रू बसवला. जखम भरली, चालण्याचा सराव झाला आणि श्रावण आला.

मंगळागौरीला आजीने डाव्या पायात अनवट घातलं, अंबूआत्याने उजव्यात. पावलाला पाऊल भिडलं, चांदीवर चांदी वाजली आणि दोघी अशा गरगरल्या की पदर ओळखू येईनात. मी ओरडत होते, हे मला नंतर कळलं. कुणीच पडलं नाही.

दोघी थांबल्या तेव्हा आजीचा उजवा आणि अंबूआत्याचा डावा अंगठा शेजारच्या पायातल्या अनवटाकडे वळलेले होते.

डॉक्टर वर्तक वाटली डाळ खात होते. त्यांनी ताटली बाजूला ठेवली, खाली बसले आणि त्या दोन अंगठ्यांना म्हणाले, "बोला."