पॅसेजमधलं पिंप

लवू धुरींच्या दारापुढे हेरंब कोचरेकरांचं निळं पिंप पुन्हा येऊन उभं राहिलं, तेव्हा ते दार, तो पॅसेज आणि नायगावची ती अख्खी चाळ जमीनदोस्त होऊन दीड वर्ष उलटलं होतं.

"अगो, ह्या बघलंस?" धुरी सोफ्यावरून ताडकन उठले. हातातला फोन त्यांनी बायकोच्या नाकासमोर नाचवला. "पिंप! परत इला!"

लक्ष्मीबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या फोनवरच्या शेतात वांग्यांना पाणी घालायची वेळ झाली होती. "इला तर येऊ दे," त्या म्हणाल्या. "माझी वांगी सुकतत हय."

संतापावर संताप म्हणजे हा. लग्न झाल्यापासून ही बाई भात लावायला एकदाही गावी गेली नव्हती. दरवर्षी तिची कंबर नेमकी आषाढात धरायची. आणि आता हीच बाई सतराव्या मजल्यावर बसून भल्या पहाटे उठून भोपळे काढत होती. मुलगा दीपक कानात बोंडं घालून आतल्या खोलीत लढाई करायचा. विमानातून शंभर माणसं उड्या मारतात, परक्याच्या घरात घुसून मिळेल ती बंदूक उचलतात आणि एकमेकांना मारतात, असा तो गेम होता. "ह्याका गेम नाय म्हणत, ह्याका पोलीस केस म्हणतत," असं धुरींनी तो पहिल्यांदा पाहिल्यावरच जाहीर केलं होतं.

एकूण गेम या प्रकाराबद्दल धुरींचं मत वाईट होतं. पण मत वाईट असणं आणि पिंप दारात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी शेजारी टॉवर उभे राहिले, मग चाळ पडली. घरं सोडतीने मिळाली. धुरींना सतरावा मजला आला. घरात दोन संडास आले, लिफ्टमध्ये आरसा आला, आणि बसायला जागा राहिली नाही. म्हणजे सोफा होता. पण धुरी चाळीस वर्षं संध्याकाळी पाच वाजता खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आले होते. येणारा-जाणारा "काय लवूनाना, झाला चाय?" असं विचारायचा, आणि त्यांच्या दिवसाचं सार्थक व्हायचं. टॉवरमध्येही त्यांनी पहिल्याच दिवशी दाराबाहेर खुर्ची टाकली. वॉचमन वर आला आणि म्हणाला, "काका, हा आगीचा रस्ता आहे. खुर्ची आत घ्या." धुरींनी विचारलं, "आग लागल्यार मी काय खुर्चीर बसान रवतलंय?" वॉचमनने खुर्ची स्वतः उचलून आत ठेवली. त्या दिवसापासून धुरी जे सोफ्यावर बसले, ते घरातल्या सगळ्यांवर वैतागूनच.

त्यांची सून सीमा परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांचं रक्त काढून ती घरी आली की अर्धा तास ठोकळ्यांचा गेम खेळायची. विटांसारखे चौकोनी ठोकळे रचून हवं ते बांधायचं, असा तो गेम. एकदा ती खोली बांधत होती आणि धुरी मागून बघत होते.

"खिडकी वर झाली," ते म्हणाले.

"कसली खिडकी, बाबा?"

"आपल्या खोलयेची. ती खाली होती. दीपकान पडान डोक्याक खोक पाडलेली, ती खिडकी."

सीमा खरं तर काश्मीरमधला बंगला बांधत होती. पण तिने सासऱ्यांकडे पाहिलं, बंगला पुसला आणि वही घेतली. तीन आठवडे धुरी सांगत होते आणि ती लिहून घेत होती. पॅसेज किती रुंद, मोरी कुठे, जिन्याची कितवी पायरी फुटकी, कोणाच्या दारावर कोणती पाटी. अशी ती चाळ पुन्हा उभी राहिली. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, टोकाला सार्वजनिक नळ. सीमाने जुन्या चाळीच्या ग्रुपवर ती सगळ्यांना खुली केली, आणि पंधरा दिवसांत अर्धी चाळ आपापल्या खोलीत राहायला आली.

दीपकचा तडा गेलेला जुना फोन धुरींकडे आला. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं. पहिला आठवडा धुरी नुसते मोरीच्या भिंतीवर चालत होते. मग जमलं. रोज पाचला ते फोनमधल्या चाळीत जायचे, लाकडी ठोकळ्यांच्या खुर्चीवर आपल्या दाराबाहेर बसायचे, आणि कोणीतरी चौकोनी डोक्याचं माणूस जाता जाता थांबून विचारायचं, "काय लवूनाना, झाला चाय?" फोनमधून आवाज स्पष्ट यायचा. धुरी म्हणायचे, "झाला, झाला." त्यानंतर दोन महिने गेम या प्रकाराबद्दल ते काहीही वाईट बोलले नाहीत.

आणि आता, बरोब्बर खुर्चीच्या जागी, पिंप.

हे पिंप चाळीत पहिल्यांदा आलं ते १९९३ साली. समोरचा हेरंब कोचरेकर म्हणाला होता, "दोनच दिवस रे, लवू. भाचीचा लगीन आसा, पाणी जास्त लागतला." त्याच्या स्वतःच्या दारापाशी सायकल होती, म्हणून पिंप धुरींच्या दाराला टेकलं. भाचीचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, त्यातल्या थोरल्याचंही लग्न झालं. पिंप तिथेच होतं. तीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला धुरी खुर्ची आणायचे, पिंपाला अडखळायचे आणि ओरडायचे, "हेरंबा, भायर ये!" हेरंब बाहेर यायचा, आणि दोघे सात वाजेपर्यंत भांडायचे. सोडतीत हेरंबाला पलीकडचा टॉवर आला आणि पिंपाचा विषय संपला, असं धुरींना वाटलं होतं.

फोनमधल्या पिंपावर चक्क अक्षरं होती. हे. को.

धुरींनी पिंप बोटाने दाबून पाहिलं. ढिम्म हललं नाही. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी चुकून जिना फोडला होता, तेव्हा धुरींनीच सीमाला सांगून फोडाफोडीची सोय बंद करवली होती. आता चाळीत वस्तू ठेवता यायची, काढता यायची नाही. काढू शकत होती एकटी सीमा.

"मग संध्याकाळी सीमाक सांगा, ती काढतली," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"सुनेक सांगान काढूचा? म्हणजे तो हेरंब गावभर सांगत फिरतलो, लवून वशिलो लावलो! नाय. ह्या कायदेशीर काढूचा."

त्यांनी फुलस्केप कागद घेतला. 'विषय : पॅसेजमधील अतिक्रमण हटविण्याबाबत.' चाळ समितीचा सेक्रेटरी हितेंद्र साटम चौथ्या मजल्यावर राहायचा. चाळ गेली तरी समिती शाबूत होती, कारण ती बरखास्त करण्याच्या सभेला कोरम जमला नव्हता.

"लवूनाना, गेममधल्या पिंपासाठी अर्ज?" हितेंद्रने कागद दोनदा वाचला.

"चाळ खरी की नाय?"

"म्हणजे... तशी..."

"तुझा नाव सेक्रेटरी म्हणान पाटयेर लिवलला आसा की नाय, फोनमधल्या चाळीत?"

ते मात्र होतं. टॉवरमध्ये हितेंद्रला कोणी विचारत नसे. त्याने कपाटातून रबरी शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि अर्जाची पोच दिली. सभा रविवारी अकरा वाजता, चाळीच्या पटांगणात, म्हणजे फोनमध्येच.

सभेला सत्तावीस जण आले. सगळ्यांची डोकी चौकोनी होती, आणि आधीच्या सभांचा अनुभव पाहता त्यात कोणाला काही नवीन वाटलं नाही. गच्चीवरून दोघे खाली उड्या मारत होते. धुरींनी साक्षीदार म्हणून दीपकला हाक मारली. "बाबा, दोन मिनिटं, मरतोय मी!" असं आतल्या खोलीतून उत्तर आलं.

"कृपया सभेत कोणी उड्या मारू नका," हितेंद्र म्हणाला. "अर्जदाराने बोलावं."

धुरी बोलले. तीस वर्षांचं साठलेलं होतं. एकवीस मिनिटं बोलले. माणसाने तीस वर्षं सोसलं, चाळ पाडली तरी सोसलं, आणि आता जरा कुठे दारात टेकावं तर मेलं पिंप पुन्हा हजर, याला माणुसकी म्हणायची का, इथे ते थांबले.

"हेरंबकाका आहेत का?" हितेंद्रने विचारलं.

बराच वेळ खरखर झाली. मग एक चौकोनी माणूस नळापाशी उगवला आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागला. "आसंय. पण लवू, मी आज पयल्यांदाच इलंय रे हय! गुडघ्याचा ऑपरेशन झाला माझा. चार म्हयने शीवाक, चेडवा-जावयाकडे होतंय. परवा घराक इलंय. तिनाच आता ह्या फोनात घालून दिला. माका धड वळाक पण येत नाय. पिंप खयसून ठेवतलंय?"



"मग त्येच्यार हे. को. कित्याक?" धुरी गरजले.

"बाबा," सीमाचा आवाज आला. ती रविवारच्या ड्युटीवर होती, लॅबमधून आत्ताच सभेत आली होती. "पिंपाबद्दल आहे होय सभा? अर्जाच्या विषयात तर नुसतं अतिक्रमण लिहिलं होतं. ते मी ठेवलंय."

"तू?"

"तुमच्या वहीत आहे ना. थांबा, माझ्याकडे फोटो आहे." तिने सत्तावीस जणांसमोर वाचलं. "'आमच्या उंबरठ्यापासून एक वीत सोडून हेरंबाचं पिंप. निळं. झाकणाला तडा. अंगावर हे. को., त्यातला को. अर्धा पुसलेला. पावसाळ्यात त्यावर आमची छत्री वाळत.' सगळ्या चाळीत एवढं बारीक तुम्ही आपल्या खोलीचंसुद्धा सांगितलं नव्हतं, बाबा. मला वाटलं, महत्त्वाचं असेल. तेवढंच राहिलं होतं, म्हणून परवा करून टाकलं."

कोणीतरी हसलं. गच्चीवरून एक जण खाली पडला.

"बघलास?" हेरंबाचा आवाज आता चढला होता, आणि चढायलाच हवा होता. "आजारी माणसार आळ घेतंस? सत्तावीस जणांफुडे? तीस वर्षां माझ्या पिंपार छत्री वाळत घातलंस, आणि अर्ज करतंस? काढून टाका ता पिंप! माका नको. आणि मी पण नाय येवचंय परत!" नळापाशी उभा असलेला माणूस नाहीसा झाला.

ठराव एकमताने मंजूर झाला. सीमाने तिथल्या तिथे पिंप काढलं. धुरी जिंकले.

सोमवारी पाचला ते खुर्चीवर बसले. पॅसेज मोकळा होता. कोणीतरी चहाचं विचारून गेलं. समोरचं दार बंद होतं. धुरींनी वीस मिनिटं त्या दाराकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला. मंगळवारी दहा मिनिटांत ठेवला. बुधवारी लक्ष्मीबाई चिडल्या. "जागा मिळाली ना? मग तोंड कित्याक पाडलास? जिंकलास तरी रडतास, हरलास तरी रडतास!"

"जागा गावली गो," धुरी म्हणाले. "पण एकट्यान बसून करू काय?"

त्या रात्री जेवताना त्यांनी सुनेला विचारलं, ठोकळ्यांचं पिंप कसं करतात. सीमाने शिकवलं. निळा रंग कुठे मिळतो तेही दाखवलं. एक पिंप करायला त्यांना पूर्ण दोन दिवस लागले, कारण झाकणाला तडा काही केल्या जमेना.

शनिवारी सकाळी हितेंद्रच्या दारातून एक फुलस्केप सरकला. विषय तोच होता, अर्जदार दुसरा. 'माझ्या दारासमोर अज्ञात इसमाने निळे पिंप ठेवले असून त्यावर ल. धु. असे लिहिले आहे. वस्तू काढता येत नाही. इसम अज्ञात नाही.' हितेंद्रने शिक्का मारला आणि आनंदाने पोच लिहिली.

संध्याकाळी पाच वाजता तडा गेलेल्या फोनमधून एवढा मोठा आवाज आला की दीपकसुद्धा बोंडं काढून बाहेर आला.

"लवू! भायर ये! ह्या काय ठेवलंहस माझ्या दारात?"

धुरी बाहेरच होते. खुर्चीवर बसले होते, आणि शेजारी त्यांनी दुसरी खुर्ची करून ठेवली होती.

"वरडतंस कित्याक?" ते म्हणाले. "दोनच दिवस ठेवलंय. भाचीचा लगीन आसा."

"मेल्या, तुका भैणच नाय! भाची खयसून इली?"

"तू बस तर खरो," धुरी म्हणाले. "सांगतंय."